घरबसल्या रशियन सैन्याचा माग: काय कळतं, कसं कळतं आणि कुठे थांबायचं

नाशिकला पत्रकारिता शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "रशिया स्वतःच्या सैन्याबद्दल धड काही सांगत नाही. तरी बाहेर बसलेली माणसं त्यांचे किती रणगाडे जळले, किती सैनिक मेले, कुठली तुकडी कुठल्या गावात होती हे सांगतात. हे खरंच कळतं का? त्यावर किती विसंबायचं? आणि मला शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

कळतं. मात्र आपल्याला जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं, मनातलं त्यात मिसळायचं नाही, ही या कामाची पहिली शिस्त. याला ओसिंट म्हणतात, म्हणजे जे सगळ्यांसमोर पडलेलं आहे त्यातून माग काढणं: फोटो, व्हिडिओ, उपग्रहचित्रं, सरकारी नोंदवह्या, नकाशे. गुप्त असं काही लागत नाही. वेळ मात्र फार लागतो, आणि रोज कुठे ना कुठे "हे मला सांगता येणार नाही" असं म्हणावं लागतं. मी पुण्यात बसून छायाचित्रं आणि व्हिडिओ पडताळण्याचं काम करतो. या कामाकडे मी वळलो ते २०१४ साली, एका विमानामुळे.

१७ जुलै २०१४ रोजी अॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच-१७ हे विमान पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं. २९८ माणसं गेली. त्याच महिन्यात एलियट हिगिन्स या इंग्रज माणसाने असा माग काढणारं बेलिंगकॅट हे संकेतस्थळ सुरू केलं होतं. त्या दिवशी एका पांढऱ्या व्होल्वो ट्रकमागच्या ट्रेलरवर बुक या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेची गाडी नेली जात असल्याचे फोटो आणि व्हिडिओ वेगवेगळ्या लोकांनी काढले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एका व्हिडिओत गाडीवरचं एक क्षेपणास्त्र कमी दिसत होतं. रशियन संरक्षण मंत्रालयाने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की हा व्हिडिओ क्रास्नोआर्मिस्कचा आहे, म्हणजे युक्रेनच्या ताब्यातल्या गावचा, आणि मागचा जाहिरात फलक हा त्याचा पुरावा आहे. मग लोक त्या फलकाच्याच मागे लागले. तोच फलक, तसेच खांब, रस्त्यावरून गेलेल्या ट्रॉलीबसच्या तशाच तारा सापडल्या त्या लुहान्स्कमध्ये. लुहान्स्क तेव्हा रशियाधार्जिण्या बंडखोरांकडे होतं.

पुढचं काम त्याहून चिकाटीचं होतं. ही गाडी नेमकी कुठली? तिच्या अंगावरच्या आकड्यातला मधला अंक पुसट झाला होता. पहिला ३ आणि शेवटचा २ तेवढा वाचता येत होता. रशियातल्या कुर्स्कहून जून २०१४ मध्ये सीमेच्या दिशेने एक लष्करी ताफा निघाला होता. वाटेत लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले होते आणि ते तेव्हापासून इंटरनेटवर पडून होते. त्या ताफ्यात तशीच एक गाडी होती. जुळवणी कशाची केली, तर साखळीपट्ट्यांच्या वर असते त्या रबरी झालरीची. वापरात ही झालर फाटते, दुमडते, आणि दोन गाड्यांची झालर सारखी फाटत नाही. शेतकरी आपला बैल गर्दीत शिंगावरून आणि खांद्यावरच्या वळावरून ओळखतो, तशी ही ओळख. झालरीच्या कडेची रेघ, बाजूवरचे डाग, चाकांची ठेवण हे सगळं फोटोशेजारी फोटो ठेवून ताडून पाहिलं गेलं. ती निघाली कुर्स्कच्या ५३व्या विमानविरोधी क्षेपणास्त्र ब्रिगेडची ३३२ क्रमांकाची गाडी. मे २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने चाललेल्या संयुक्त तपास पथकानेही ही गाडी ५३व्या ब्रिगेडचीच असल्याचं जाहीर केलं. १७ नोव्हेंबर २०२२ला डच न्यायालयाने तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत जन्मठेप सुनावली आणि चौथ्याला निर्दोष सोडलं. चौथा सुटला ही गोष्टही लक्षात ठेवा. पुरावा एकासाठी पुरतो म्हणून शेजारच्याला आपोआप पुरत नाही.

रशियानेही यातून धडा घेतला. सैनिकांचे सेल्फी, आईला पाठवलेले फोटो, व्हीके या त्यांच्या समाजमाध्यमावरच्या पोस्ट यांतून तुकड्या ओळखल्या जात होत्या. मार्च २०१९ मध्ये कायदाच झाला की कामावर असलेल्या सैनिकाने स्मार्टफोन बाळगायचा नाही आणि सैन्याविषयी काही टाकायचं नाही. तरी तीन वर्षांनी युद्ध पेटलं तेव्हा फोन होतेच. फोन कायद्याने सुटत नाही, घराची आठवण आली की हातात येतोच.

२४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटेचं उदाहरण बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगतात. कॅलिफोर्नियातले शस्त्रास्त्रांचे अभ्यासक जेफ्री लुईस आणि त्यांचे विद्यार्थी गुगल मॅप्सवर रशियातल्या बेलगोरोदच्या दक्षिणेचा रस्ता पाहत होते. तिथे पहाटे तीन-सव्वातीनच्या सुमाराला युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहतूक खोळंबल्याची लाल रेघ दिसली. हल्ल्याची घोषणा व्हायची होती. ही गोष्ट जादूसारखी सांगितली जाते, पण त्यातले दोन बारकावे गाळले जातात. एक, त्या भागात सैन्य जमल्याचं रडार उपग्रहचित्र त्यांनी आधीच पाहिलं होतं, म्हणून नजर नेमकी तिथे होती. दोन, ती लाल रेघ बहुधा सैनिकांच्या फोनमुळे उमटली नव्हती, अडवलेल्या रस्त्यावर थांबलेल्या सामान्य लोकांच्या फोनमुळे उमटली होती. नुसती लाल रेघ पाहून कुणी "आक्रमण" म्हटलं असतं तर ती अटकळ ठरली असती. पुढे गुगलने युक्रेनमधली थेट वाहतुकीची माहिती दाखवणं थांबवलं.

आता रणगाड्यांची मोजणी. ओरिक्स नावाने दोन डच संशोधकांनी, स्टाइन मित्झर आणि योस्ट ओलिमान्स यांनी, पहिल्या दिवसापासून यादी ठेवली. नियम साधा: फोटो किंवा व्हिडिओ नाही तर नोंद नाही. प्रत्येक नोंदीपुढे तिचा फोटो. नष्ट झाला, नुकसान झालं, सोडून दिला की शत्रूने पकडला, हे वेगवेगळं. २०२४च्या मध्याच्या आसपास या यादीतल्या रशियन रणगाड्यांनी तीन हजारांचा आकडा ओलांडला. काम कुठे अडतं माहीत आहे? एकच जळालेला टी-७२ सकाळी एका बाजूने ड्रोनने टिपलेला असतो, दुपारी दुसऱ्या बाजूने एखाद्या सैनिकाने, आणि दोन आठवड्यांनी बर्फ पडल्यावर तिसऱ्याने. तिन्ही फोटो वेगळ्या चॅनेलवर, वेगळ्या गावाच्या नावाने फिरतात. ती नोंद एकच आहे हे ओळखायला बुरूज कुठल्या कोनात वळलाय, उलटलेल्या झाडापासून अंतर किती, साखळी कुठल्या चाकाशी तुटली आहे, असं पाहावं लागतं. म्हणून अशा यादीतला आकडा "याहून कमी नाही" एवढंच सांगतो. "एवढेच" असा त्याचा अर्थ कुणी काढला तर तो चुकला. कुणाच्याच कॅमेऱ्यात न सापडता जंगलात जळालेला रणगाडा त्या यादीत कधीच येणार नाही.

माणसांची मोजणी मात्र मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त लिहितो. २१ सप्टेंबर २०२२ला तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी ५,९३७ सैनिक मरण पावल्याचं सांगितलं. त्यानंतर रशियाने एकूण मृतांचा आकडा दिलेला नाही. मीडियाझोना ही रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी स्वयंसेवकांना हाताशी धरून नावानिशी यादी करायला घेतली. नाव कुठून येतं? जिल्ह्याच्या पेपरातली श्रद्धांजली. गावच्या प्रमुखाची पोस्ट. "आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी" असं लिहून शाळेने भिंतीवर लावलेली पाटी. बहिणीने टाकलेला फोटो. स्मशानभूमीत जाऊन नव्या कबरींवरची नावं टिपणारे लोकही आहेत, आणि रशियात राहून हे करणं किती जोखमीचं आहे हे सांगायला नको. सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवली म्हणून पंधरा वर्षांपर्यंतची शिक्षा देणारा कायदा तिथे मार्च २०२२ मध्येच आला.

नावं कितीही जमवली तरी काही सुटतातच. २०२३च्या जुलैत मीडियाझोना आणि मेदूझा हे रशियन वृत्तसंकेतस्थळ यांनी संख्याशास्त्रज्ञ दिमित्री कोबाक यांच्या मदतीने वेगळी वाट काढली, आणि ती वाट आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. माणूस गेला की घर, शेत, बँकेतले पैसे नावावर करून घ्यायला घरच्यांना वारसनोंदीच्या मागे लागावं लागतं. रशियातही तसंच. तिथे ही वारसप्रकरणं नोटरींच्या एका सामायिक नोंदवहीत चढतात आणि ती नोंदवही सगळ्यांना पाहता येत होती: नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. युद्धाआधीच्या वर्षांत पन्नाशीच्या आतल्या पुरुषांची आणि बायकांची अशी किती प्रकरणं उघडत होती याचं प्रमाण काढलं. मग फेब्रुवारी २०२२ नंतर पुरुषांची बाजू किती वर गेली ते पाहिलं. त्यावरून मे २०२३ अखेरपर्यंत सुमारे ४७ हजार रशियन सैनिक मेले असावेत असा अंदाज निघाला. तेव्हा नावानिशी यादीत याच्या निम्म्याहून थोडीच अधिक माणसं होती. याला अंदाज म्हणायचं, मोजदाद नव्हे, आणि त्यांनी स्वतःही तसंच म्हटलं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याच्यामागे वारसाचा अर्ज होत नाही, हा तोटा त्यात आहेच. पण युद्धाची खरी किंमत लपवायला बसलेल्या सरकारला वारसाच्या कागदाचा विचार सुचला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

उपग्रहचित्रांबद्दल लोकांच्या मनात फार चुकीचं चित्र असतं. फुकट मिळणारं सेंटिनेल-२चं चित्र घ्या. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची दहा मीटर गुणिले दहा मीटर जागा. रणगाड्याची काया सात मीटर. म्हणजे अख्खा रणगाडा एका ठिपक्यात मावून जातो आणि दिसतच नाही. मग त्यातून काय दिसतं? नवा खणलेला खंदक, शेतात उठलेली तंबूंची वसाहत, जळून काळं पडलेलं शिवार, पुलाचा तुटलेला तुकडा. रणगाडे एकेक मोजायचे तर मॅक्सार (आताचं नाव व्हॅन्टोर) किंवा प्लॅनेटसारख्या कंपन्यांची विकतची चित्रं लागतात. ढग असले की सगळंच बंद, आणि पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग असतात. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ कामी येतो. आगी दाखवणारी नासाची फर्म्स ही सेवाही सगळे वापरतात. पंजाब-हरियाणात पराली जाळल्याच्या बातम्यांसोबत लाल ठिपक्यांचा नकाशा छापून येतो ना, तीच. ती मुळात वणव्यांसाठी आहे. ऐन उन्हाळ्यात युक्रेनमध्येही कापणीनंतर शेतात आग लागते, तेव्हा ठिपका दिसला की लगेच "तोफखाना" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पहिल्या हिवाळ्यात खारकीव्हकडचा म्हणून एक व्हिडिओ तपासायला आला होता. रस्त्याकडेच्या खांबांच्या लांबच लांब सावल्या बर्फावर पडलेल्या. मी लिहिलं, "संध्याकाळची वेळ". पाठवणारा म्हणत होता दुपारची. त्याला खोटं ठरवण्याच्या बेतात असताना सहकारी म्हणाली, एकदा गणित करून बघ. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. खांबाची सावली खांबाहून थोडी आखूडच पडते. खारकीव्ह ५० अक्षांशावर. तिथे त्याच दिवशी भर दुपारी सूर्य जेमतेम साडेसोळा अंशांवर चढतो आणि सावली खांबाच्या जवळजवळ साडेतीनपट पडते. माझे डोळे पुण्याच्या सावल्यांवर पोसलेले होते. माणूस खरं सांगत होता. तेव्हापासून सावली डोळ्यांनी वाचायची नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला. सूर्य कुठे असेल ते दाखवणारं सनकॅल्कसारखं साधन उघडायचं, जागा आणि तारीख भरायची, मगच बोलायचं.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल तर मी बुचाकडे बोट दाखवतो. एप्रिल २०२२च्या सुरुवातीला कीव्हजवळच्या या गावात याब्लुन्स्का रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे व्हिडिओ आले. रशियाचं म्हणणं, आमचं सैन्य ३० मार्चला गेलं, हा त्यानंतर रचलेला देखावा आहे. न्यूयॉर्क टाइम्सने मार्चमधली उपग्रहचित्रं काढली आणि व्हिडिओशी जागेनुसार ताडून पाहिली. माणसाच्या देहाएवढ्या काळ्या आकृती ९ ते ११ मार्चच्या दरम्यान रस्त्यावर उमटल्या होत्या आणि नेमक्या त्याच जागी तीन आठवडे पडून होत्या. तेव्हा गाव रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. पुढे त्याच वृत्तपत्राने त्या रस्त्यावर पस्कोवच्या २३४व्या हवाई हल्ला रेजिमेंटचे सैनिक होते हेही दाखवून दिलं. "रचलेलं आहे" हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात, ते खोडायला काही माणसांचे महिने गेले. पण खोडलं गेलं, आणि ते कायमचं नोंदलं गेलं.

विसंबायचं किती, याचं उत्तर मी आकड्यागणिक देतो. १५ नोव्हेंबर २०२२ला पोलंडमधल्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. पहिल्या बातम्या "रशियन क्षेपणास्त्र" म्हणाल्या. तुकड्यांचे फोटो पाहणाऱ्या लोकांनी काही तासांतच सांगितलं की हे एस-३०० या विमानविरोधी यंत्रणेच्या क्षेपणास्त्राचे अवशेष दिसतात आणि युक्रेनही तेच वापरतो. पोलंड आणि नाटोही पुढे त्याच निष्कर्षाकडे आले. १ जून २०२५ला युक्रेनने रशियाच्या आतल्या विमानतळांवर ट्रकमधून सोडलेल्या ड्रोननी हल्ला केला आणि ४१ विमानांना फटका बसल्याचं सांगितलं. उपग्रहचित्रांत जी विमानं नष्ट किंवा निकामी झालेली स्पष्ट दिसली ती त्याहून बरीच कमी होती. हल्ला मोठाच होता, पण आकडा दाव्याचा वेगळा आणि दिसलेला वेगळा. ज्याच्याबद्दल मनात सहानुभूती आहे त्याचा आकडा जास्त कडक तपासायचा. कारण तिथेच आपली नजर ढिली पडते.

एक झुकाव या क्षेत्रात सरसकट आहे आणि तो कबूल केलाच पाहिजे. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये स्वतःच्या सैन्याच्या जागा उघड करण्यावर कायद्याने बंदी घातली, आणि बाहेरच्या बहुतेक तपासकांनीही त्या जागा टाकायच्या नाहीत असं ठरवलं. ते मला पटतं. पण त्यामुळे आपल्यासमोरची नोंद एका बाजूची जास्त आणि दुसऱ्या बाजूची कमी आहे. रशियन नुकसानाच्या यादीशेजारी युक्रेनची यादी ठेवून सरळ वजाबाकी करणारा माणूस चुकीच्या जागी पोचणार.

जागा उघड करण्याचा परिणाम काय होतो, हे ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. रशियाच्या ताब्यातल्या पोपास्ना या पूर्व युक्रेनमधल्या शहरात वाग्नर या रशियन खासगी सैन्याच्या तळाला भेट दिलेल्या एका रशियन वार्ताहराने फोटो टाकले. एका फोटोत भिंतीवरची पत्त्याची पाटी वाचता येत होती. आठवडाही झाला नव्हता, तो तळ उडवला गेला. तो सैनिकी तळ होता, पण विचार करा, तीच पाटी एखाद्या तळघरात लपलेल्या कुटुंबाच्या व्हिडिओत असती तर? म्हणून ज्याने व्हिडिओ काढला त्याची खिडकी, त्याचा मजला, त्याचं खातं हे मी कधीच प्रसिद्ध करत नाही, मग माझा निष्कर्ष त्यामुळे थोडा लंगडा वाटला तरी चालेल. सैनिकाच्या बायकोचं, मुलांचं खातं तुकडी ओळखायला उपयोगी पडलं तरी ते वहीत राहतं, बातमीत येत नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. महागडं काही लागत नाही. सिरिलिक अक्षरं शिका. देवनागरी लिहिणाऱ्याला आठवड्याभरात वाचता येतात, आणि दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, बसथांब्याचं नाव स्वतः वाचता आलं की निम्मं काम हलकं होतं. उलट फोटोशोध, म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे आला ते शोधणं, यांडेक्स या रशियन शोधयंत्रावरही करून पाहा, रशिया-युक्रेनच्या जागांसाठी तो गुगलपेक्षा पुष्कळदा बरा चालतो. काहीही सापडलं की आधी जतन करा, मग विचार करा. टेलिग्रामवरची पोस्ट तासाभरातही नाहीशी होऊ शकते. मूळ फाइल तशीच ठेवा, दुवा, वेळ आणि कुठून मिळाली हे शेजारी लिहा. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि बर्कलीतल्या विद्यापीठाने मिळून अशा तपासाचे नियम सांगणारा बर्कली प्रोटोकॉल आणला, तो वाचा. उद्या तुमची नोंद न्यायालयात गेली तर टिकेल का, हा प्रश्न विचारायची सवय त्यातून लागते.

प्रेतांचे व्हिडिओ पाहावे लागतील. आवाज बंद करून, चित्र छोटं आणि काळं-पांढरं करून पाहा. रात्री झोपण्याआधी पाहू नका. हे मी फार उशिरा शिकलो.

सरावासाठी युक्रेनपर्यंत जाऊही नका. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आर्मा-३ या संगणक खेळातली दृश्यं "आपल्या सैन्याचा हल्ला" म्हणून मराठी घराघरांतल्या व्हॉट्सॅपवर फिरली. त्याच खेळाची दृश्यं २०२२ मध्ये युक्रेनची म्हणून फिरत होती. तुमच्या घरच्या गटात आलेले असे दहा व्हिडिओ घ्या. प्रत्येकाचं मूळ, जागा, तारीख शोधा. एक वही करा. डाव्या पानावर "मला काय दिसतं", उजव्या पानावर "मला काय वाटतं". दिसतंच्या पानावर वाटतंचं एकही वाक्य जाता कामा नये. दहा पूर्ण झाले की ती वही मला पाठवा. सावल्यांची गणितं मी स्वतः तपासून देईन.